आधी 541 शोधा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या एका कंपनीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची संघटना आहे, सभासद दोनशेच्या आसपास. बहुतेकांना ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ ऑफिसच्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, दीड ते तीन हजार पेन्शन मिळते. वाढीव पेन्शनसाठी, म्हणजे ठरलेल्या मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर धरलेल्या पेन्शनसाठी, बऱ्याच जणांनी 2023 मध्ये ऑनलाइन अर्ज केले. कंपनीने काही पुढे पाठवले, काही अडवले, काही पीएफ ऑफिसातून परत आले. आता एक गट म्हणतो हायकोर्टात चला, दुसरा म्हणतो मोर्चा काढा, आणि तिसरा म्हणतो की काही होणार नाही, आमची वर्गणी परत द्या. सेक्रेटरी विचारतात, संघटनेने आता नेमकं काय करावं?

मी वकील नाही. सातपूरच्याच एका कारखान्यात टाइम ऑफिसला नोकरी झाली, पीएफचे तक्ते हाताने भरायचे तेव्हापासून. निवृत्त झाल्यावर दोन संघटनांचं कागदपत्रांचं काम अंगावर आलं आणि ते अजून उतरलेलं नाही. त्यामुळे कोर्ट की मोर्चा या वादात मी शिरत नाही. मी आधी विचारतो, तुमच्या सभासदांचे फॉर्म 3-ए कुठे आहेत?

तरुण सभासदांना हा फॉर्म माहीत नसेल. सगळं ऑनलाइन होण्याआधी प्रत्येक कामगाराचं वर्षाचं एक पान असायचं, मार्च ते फेब्रुवारी. एका रकान्यात त्या महिन्याचा पगार, पुढे कामगाराचा 12 टक्के हिस्सा, मग कंपनीच्या हिश्शाचे दोन तुकडे: एक पीएफमध्ये जाणारा, दुसरा 8.33 टक्क्यांचा, पेन्शन फंडात जाणारा. तुमची सगळी केस या शेवटच्या रकान्यात आहे. तिथे 417 दिसले तर पेन्शनची वर्गणी 5000 च्या मर्यादेवर गेली, म्हणजे पगार त्याहून कितीही जास्त असो, हिशोब 5000 वरच. 541 दिसले तर 6500 च्या मर्यादेवर, म्हणजे जून 2001 नंतरचं पान. 1250 दिसले तर 15,000 वर, सप्टेंबर 2014 नंतरचं. आमच्या ऑफिसात हे तीन आकडे पाढ्यासारखे पाठ होते.

आता एकाच माणसाचं पान जवळून पाहू. 2006 सालचा एक महिना, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 9800. या पगारावर पान चार तऱ्हांनी भरलेलं असू शकतं.

कामगाराचे 780, कंपनीचे 239 आणि 541. याचा अर्थ दोघांनीही 6500 वरच पैसे भरले. पूर्ण पगारावर पीएफच कापला गेला नाही, तर त्यावर वाढीव पेन्शन मागायला पाया राहत नाही. असा सभासद तुमच्याकडे कितीही आशेने येवो, त्याला खरं सांगा.

कामगाराचे 1176, कंपनीचे 635 आणि 541. इथे दोघांनी पूर्ण पगारावर 12 टक्के भरले, फक्त पेन्शनचा तुकडा मर्यादेवर काढला. सुप्रीम कोर्टापर्यंत जो वाद गेला तो या माणसाचा. पैसे भरलेले आहेत, ते चुकीच्या खिशात गेले एवढंच.

कामगाराचे 1176, कंपनीचे 239 आणि 541. कामगाराने पूर्ण पगारावर भरले, कंपनीने मर्यादेवरच थांबवलं. ही अडचणीची जागा आहे, कारण निकालाची भाषा दोघांच्याही जादा वर्गणीची आहे. अशा सभासदाला हो किंवा नाही एका वाक्यात सांगणारा माणूस एक तर अडाणी आहे किंवा फी मागणारा आहे.

आणि चौथं, कामगाराचे 1176, कंपनीचे 360 आणि 816. हा भाग्यवान. याची पेन्शन वर्गणी तेव्हापासूनच पूर्ण पगारावर जात होती. अशांची पेन्शन जर मर्यादेवर निघाली असेल तर ती सरळ हिशोबाची चूक आहे.

एकाच कंपनीत, एकाच खात्यात, एकाच दिवशी लागलेल्या दोघांची पानं वेगळी निघतात. स्टाफला पूर्ण पगारावर, कामगारांना मर्यादेवर, असं अनेक ठिकाणी होतं. काही ठिकाणी करारानंतर पद्धत बदलली. म्हणून «आमच्या कंपनीचं प्रकरण» असं काही नसतं. दोनशे सभासद म्हणजे दोनशे पानं.

हे मला कळायला एक पूर्ण केस वाया जावी लागली. पहिल्या वेळी आम्ही उत्साहाच्या भरात सगळ्यांची एकत्र याचिका करायला निघालो. यादी केली ती संघटनेची वर्गणी भरलेल्यांची, पानं कुणी तपासलीच नाहीत. समोरच्या बाजूने आमच्या यादीतली सगळ्यात कमकुवत चार नावं उचलली आणि म्हणाले, हे बघा, यांनी तर जादा वर्गणी कधी भरलीच नाही. ज्यांचं प्रकरण बावनकशी होतं ते त्या चौघांबरोबर ताटकळत बसले. तारखेला पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचं, उभ्याने परत यायचं, असं किती वेळा झालं ते आता मोजत नाही. शेवटी यादी फोडून पुन्हा मांडावी लागली. तोवर त्यातले तिघे गेले.

तेव्हा पहिला महिना फक्त गठ्ठे पाडण्यात घालवा. पान न पाहता कुणालाही कुठल्याही गठ्ठ्यात टाकू नका.

गठ्ठे कशाच्या आधारावर, तर तारखांच्या. थोडा इतिहास सांगावाच लागेल, कारण निम्मे गैरसमज तिथून येतात. 1971 ची कुटुंब पेन्शन योजना संपून 16 नोव्हेंबर 1995 पासून ईपीएस-95 आली. मार्च 1996 मध्ये त्यात तरतूद घातली गेली की कामगार आणि मालक दोघांनी मिळून पर्याय दिला तर मर्यादेपेक्षा जास्त पगारावर पेन्शन वर्गणी भरता येईल. नाशिकच्या कारखान्यांत किती जणांना ही तरतूद तेव्हा कळली? मी स्वतः टाइम ऑफिसला बसून होतो, आमच्याकडे त्याचा कागद फिरला नाही. 1 सप्टेंबर 2014 पासून ती तरतूद काढली, मर्यादा 15,000 झाली, आणि पेन्शनचा पगार शेवटच्या 12 महिन्यांऐवजी 60 महिन्यांच्या सरासरीवर धरायला लागले. त्याच दिवशी किमान पेन्शन 1000 ठरली.

पर्याय देण्याला मुदतीची आडकाठी नाही, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2016 मध्ये आर. सी. गुप्ता प्रकरणात म्हटलं. केरळ हायकोर्टाने 2018 मध्ये 2014 च्या दुरुस्त्याच रद्द केल्या. आणि मग सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींचा 4 नोव्हेंबर 2022 चा निकाल आला, त्याने सगळ्याची घडी पुन्हा बसवली. दुरुस्त्या वैध ठरल्या. जे 1 सप्टेंबर 2014 ला नोकरीत होते त्यांना पर्याय द्यायला चार महिने मिळाले, पुढे मुदत वाढत वाढत 11 जुलै 2023 ला संपली. जे त्या तारखेआधी निवृत्त झाले आणि ज्यांनी कधी पर्याय दिलाच नव्हता, त्यांच्यासाठी दार बंद झालं. सूट मिळालेल्या, म्हणजे स्वतःचा पीएफ ट्रस्ट असलेल्या कंपन्यांचे कर्मचारीही या निकालात आले.

म्हणजे तुमचे गठ्ठे असे पडतील. सप्टेंबर 2014 नंतर निवृत्त, पूर्ण पगारावर पीएफ, आणि 11 जुलै 2023 च्या आत अर्ज केलेला, याची पावती हातात आहे: हा पहिला गठ्ठा, ताकद इथे लावा. सप्टेंबर 2014 आधी निवृत्त, पण नोकरीत असताना पर्याय दिलेला किंवा मागितलेला आणि नाकारला गेलेला: हा लहान गठ्ठा असेल, पण जुन्या पत्रासकट आला तर फार भक्कम. सप्टेंबर 2014 आधी निवृत्त आणि पर्याय नाही: यांना वाढीव पेन्शनच्या केसमध्ये घेऊ नका. यांच्यासाठी वेगळी कामं आहेत, ती पुढे सांगतो. आणि अर्जच न केलेले. त्यांची समजूत काढणं हे सेक्रेटरीचं सगळ्यात नकोसं काम. आमच्याकडे एक आप्पा होते, मुलगा पुण्याला, स्मार्टफोन नाही, सायबर कॅफेवाल्याने पैसे घेतले आणि अर्ज सबमिटच केला नाही. पावती क्रमांक मागितला तर त्याने दुकानाच्या पावतीचा नंबर दिला होता. काही करता आलं नाही.

आता अडवलेल्या अर्जांचं. कंपनीने पगाराचा तपशील भरला नाही म्हणून अडकलेले आणि पीएफ ऑफिसने त्रुटी काढून परत पाठवलेले, हे दोन आजार वेगळे आहेत. मालकांना हा तपशील भरायला मुदतीवर मुदत मिळत 31 जानेवारी 2025 पर्यंत वेळ दिला गेला होता. ज्यांचा तपशील तोवर गेला नाही, त्यांच्याबाबत कंपनीला संघटनेच्या लेटरहेडवर पत्र द्या, पण एक ढोबळ पत्र देऊ नका. प्रत्येक सभासदाची एक ओळ: नाव, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक, अर्जाचा पावती क्रमांक, नोकरीची पहिली आणि शेवटची तारीख, कोणत्या वर्षांचा पगार राहिला आहे. पोच घ्या, शिक्क्यासह. एचआरमधली आजची पोरं तुमच्या काळात जन्मलीही नव्हती, त्यांना 1998 चं वेतन रजिस्टर कुठे आहे हे खरंच ठाऊक नसतं. आमच्या एका ठिकाणी ते कँटीनमागच्या खोलीत, जुन्या हेल्मेटच्या पोत्यांखाली सापडलं, आणि ते शोधलं आमच्याच एका निवृत्त शिपायाने. सभासदांच्या घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडायला लावा. 3-ए ची पानं, वर्षअखेरच्या पीएफ स्लिपा, करारानंतरच्या पगारपावत्या यांतलं काहीही चालेल. बायका हे कागद जपतात आणि नवरे हरवतात असा माझा अनुभव, राग मानू नका.

पीएफ ऑफिसने परत पाठवलेल्यांचं कारण वाचा. फक्त «त्रुटी» असं ऐकून घरी बसू नका. कारण पूर्ण पगारावर वर्गणीचा पुरावा नाही असं असेल तर 3-ए आणि पीएफ स्लिपा जोडा. कारण ट्रस्टच्या नियमांचं असेल, म्हणजे तुमच्या ट्रस्टच्या घटनेत वर्गणी मर्यादेवरच असं लिहिलं आहे, तर हे एकट्यादुकट्याने सुटणारं नाही. तिथे संघटनेने एकत्र उभं राहायचं, कारण प्रश्न सगळ्यांचा एकच आहे. कंपनीने प्रत्यक्षात वर्षानुवर्षं पूर्ण पगारावर घेतलं आणि नियमाचं पुस्तक आज दाखवलं जातं, हा मुद्दा कोर्टात मांडण्याजोगा आहे. हायकोर्टाचा खर्च करायचाच तर या मुद्द्यावर करा.

पण कोर्टाआधी प्रत्येकाच्या घरी एक हिशोब करून द्या. हे मी फार आग्रहाने सांगतो, कारण जादा पेन्शनसाठी फरकाचे पैसे भरा असं पीएफ ऑफिसचं मागणीपत्र हातात आल्यावर अर्धे सभासद तुमच्यावरच चिडणार आहेत.

पेन्शनचं सूत्र सोपं आहे: सरासरी पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. समजा एक जण ऑगस्ट 2019 मध्ये 58 पूर्ण करून बाहेर पडला. 2014 च्या आधीची सेवा ढोबळ 19 वर्षं, नंतरची 5. वीस वर्षांवर मिळणारी दोन वर्षांची जादा सेवा बाजूला ठेवतो, हिशोब सोपा राहू दे. मर्यादेवरची पेन्शन: 6500 वर 19 वर्षांचे 1764, 15,000 वर 5 वर्षांचे 1071, मिळून 2835 च्या आसपास. आता पूर्ण पगारावर, 2014 पर्यंतची सरासरी 24,000 आणि शेवटची 40,000 धरली तर 6514 अधिक 2857, म्हणजे 9371. फरक महिन्याला साडेसहा हजारांचा.

सभासद मात्र मनात वेगळाच आकडा धरून बसलेला असतो. तो 40,000 ला 24 ने गुणतो, 70 ने भागतो आणि 13,714 म्हणतो. व्हॉट्सअ‍ॅपवर हाच आकडा फिरतो. पीएफवाले सेवा दोन तुकड्यांत मोडतात, आणि त्या तुकड्यांमुळे या माणसाचे महिन्याला चार हजारांहून जास्त जातात. हे तुकडे वाढीव पेन्शनलाही लावायचे की नाही यावर भांडण आहे आणि संघटनेने ते भांडावं. पण सभासदाला घरचा हिशोब 9371 वरच करायला सांगा. जास्त मिळाले तर पेढे वाटू.

आता भरायचं किती? पगार मर्यादेच्या वर गेला त्या महिन्यापासून 8.33 टक्क्यांचा फरक, आणि त्यावर दर वर्षीच्या पीएफ दराने व्याज. सप्टेंबर 2014 नंतर 15,000 च्या वरच्या पगारावर 1.16 टक्के जादा, तेही मालकाच्या 12 टक्क्यांतून धरलेले. नोकरीत असलेल्याच्या पीएफ खात्यातून हे वळतं होतं. तुमच्या माणसाने पीएफ कधीच काढलेला असतो, घराचा स्लॅब टाकला, मुलीचं लग्न केलं. त्याला रोख भरावे लागतात. समजा मागणी 9 लाख 80 हजारांची आली. साडेसहा हजारांच्या फरकाने ती वसूल व्हायला 150 महिने लागतात, साडेबारा वर्षं. निवृत्तीपासूनची थकबाकी मिळते म्हणून हे 150 महिने 2019 पासूनच मोजायचे, म्हणजे साधारण सत्तरी ओलांडता ओलांडता पैसे वसूल. पण आधी पूर्ण भरायचे, थकबाकी नंतर येते. मधले महिने एफडी मोडलेली असते आणि बायको बोलत नसते.

भरलेले पैसे मृत्यूनंतर परत मिळत नाहीत. पत्नीला निम्मी पेन्शन मिळते, म्हणजे या उदाहरणात 1418 ऐवजी 4685. पत्नी वयाने लहान असेल, तब्येत बरी असेल, तर हा व्यवहार चांगला आहे. विधुर असाल, वय 72, हृदयाची शस्त्रक्रिया झालेली आणि पैसे मुलाच्या कर्जातून भरायचे असतील, तर मी तरी भरू नका म्हणेन. संघटनेचा पदाधिकारी म्हणून हे बोलायला धाडस लागतं, कारण सभेत टाळ्या «भरा, लढा» म्हणणाऱ्याला मिळतात. मी एकदा एका नानांना न भरण्याचा सल्ला दिला तर त्यांनी मला कंपनीचा माणूस ठरवलं. पुढे त्यांनी स्वतःच पेन्सिलने हिशोब केला आणि चहाला बोलावलं.

आता ज्यांना वाढीव पेन्शनचं दार बंद आहे त्यांचं, म्हणजे तो तिसरा गठ्ठा आणि अर्जच न केलेले. बऱ्याच संघटना यांच्याकडून वर्गणी घेतात आणि यांच्यासाठी काहीच करत नाहीत. खरं म्हणजे पटकन हाताला लागणारे पैसे इथेच आहेत.

पहिली गोष्ट, अंशराशीकरण, आपल्या भाषेत पेन्शन विकणं. 26 सप्टेंबर 2008 ला ही सोय बंद झाली, त्याआधी निवृत्त झालेले अनेक जण एक तृतीयांश पेन्शन विकायचे. 1500 पेन्शन असेल तर 500 विकले, त्याचे शंभरपट म्हणजे 50,000 एकरकमी मिळाले, आणि पेन्शन कायमची 1000 झाली. फेब्रुवारी 2020 मध्ये सरकारने अधिसूचना काढली की 15 वर्षं झाल्यावर कापलेली रक्कम पुन्हा सुरू होईल. आता विचार करा, शेवटी विकणाऱ्याचीही 15 वर्षं सप्टेंबर 2023 मध्ये भरली. म्हणजे आज तुमच्या सभासदांत ज्याची कपात चालू आहे असा एकही माणूस नको. जुने पीपीओ काढा, बँक पासबुकाशी ताडून बघा. मी एका दुपारी सिडकोतल्या एका सभासदाच्या ओट्यावर बसून अकरा पीपीओ पाहिले, त्यात दोन जणांची कपात चालूच होती. अर्ज दिला, पैसे सुरू झाले. कोर्ट नाही, मोर्चा नाही.

दुसरी, बिनवर्गणीचे दिवस, ज्यांना एनसीपी म्हणतात. संप, टाळेबंदी, बिनपगारी रजा असे दिवस सेवेतून वजा होतात. आपल्या एमआयडीसीत संप आणि टाळेबंदी कुणी पाहिली नाही? पण कितीदा तरी तडजोड होऊन त्या काळाचा पगार नंतर मिळाला, त्यावर पीएफही कापला गेला, आणि नोंदीत मात्र ते दिवस बिनवर्गणीचेच राहिले. सेवेची शिल्लक सहा महिने किंवा जास्त असेल तर पूर्ण वर्ष धरतात, त्यामुळे वीस-पंचवीस दिवसांच्या चुकीने अख्खं वर्ष जातं. माहिती अधिकारात दहा रुपये भरून स्वतःच्या पेन्शनची हिशोबपत्रिका मागवा. खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पीएफ ऑफिसला आहे. तीस दिवसांत उत्तर यावं लागतं.

तिसरी, दोन वर्षांची जादा सेवा. नोव्हेंबर 1995 पासून सलग पेन्शनचे सभासद असलेले जे नोव्हेंबर 2015 नंतर 58 व्या वर्षी बाहेर पडले, त्यांची वीस वर्षं भरलेली आहेत. हिशोबपत्रिकेत ती दोन वर्षं दिसली पाहिजेत.

अशा चुका अर्जाने सुटल्या नाहीत तर दर महिन्याच्या 27 तारखेला पीएफवाले «निधी आपके निकट» शिबिर घेतात, तिथे माणूस समोर बसवून फाइल उघडता येते. तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पीएफ सभासद हा ग्राहक आहे हे सुप्रीम कोर्टाने 1999 मध्येच सांगून ठेवलं आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. हिशोबाच्या चुकीसाठी हायकोर्टात जाणं म्हणजे डास मारायला तोफ.

हायकोर्टात जायचंच असेल तर मुंबई. नाशिक जिल्हा मूळ पीठाखाली येतो, औरंगाबाद खंडपीठाखाली नाही. आणि तिथे जायच्या आधी स्वतःच्या संघटनेचे कागद बघा. संस्था नोंदणी 1860 च्या कायद्याखाली, सोबत सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. नोंदणी असते, पण कार्यकारिणी दोनदा बदललेली असते आणि त्या बदलाची नोंद करणारा चेंज रिपोर्ट कुणी दिलेला नसतो. कायद्याच्या दृष्टीने अध्यक्ष अजून 2011 चेच, आणि ते वारलेले. समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, ही याचिका करणारे तुम्ही कोण? तेव्हा चेंज रिपोर्ट, सर्वसाधारण सभेचा ठराव, हिशोबतपासणी हे आधी. याचिकेला सभासदांची यादी पीपीओ क्रमांकासह जोडा, प्रत्येकाच्या सहीचं संमतीपत्र घ्या. कारण दिलासा बहुतेक वेळा याचिकाकर्त्यांपुरता असतो. नाव यादीत नाही तर निकाल जिंकूनही माणूस बाहेर.

वकील तुम्हाला सुप्रीम कोर्टाचा डी. एस. नाकारा प्रकरणातला 1982 चा निकाल ऐकवेल, पेन्शन ही खैरात नाही, हक्क आहे. वाक्य सोन्यासारखं आहे आणि 17 डिसेंबरला पेन्शनर दिनाला आपण ते ऐकतोच. पण नाकारा निकाल सरकारी पेन्शनचा होता, ईपीएस ही फंडातून चालणारी योजना आहे, आणि 2022 च्या निकालात फंडाच्या तब्येतीचा विचार झालेला आहे. फक्त नाकाराच्या जोरावर केस उभी करणाऱ्या वकिलाला नमस्कार करून बाहेर या. उलट, उशीर झाला म्हणून घाबरवलं तर 2008 चा तरसेमसिंग निकाल लक्षात ठेवा: चुकीची पेन्शन दर महिन्याला नवी चूक असते. हक्क उशिराने मागता येतो, थकबाकी मात्र बहुधा मागच्या तीन वर्षांचीच मिळते.

मोर्चाबद्दल. किमान पेन्शन वाढवण्याचं आंदोलन हा वेगळा विषय आहे आणि तो वेगळाच ठेवा. कोश्यारी समितीने 2013 मध्ये किमान 3000 सुचवले होते, आजही किमान 1000 वर गाडी उभी आहे, आणि मागणी 7500 अधिक महागाई भत्त्याची आहे. हे आंदोलन देशभर नेणाऱ्या संघर्ष समितीचं मूळ आपल्या बुलढाण्यात आहे. गोल्फ क्लब मैदानावर जमा, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या, मी स्वतः जातो. तो प्रश्न संसदेत सुटेल, कोर्टात नाही. फक्त मोर्च्याच्या पत्रकात वाढीव पेन्शनचं आश्वासन घालू नका. «7500 मंजूर, पुढच्या महिन्यापासून खात्यात» असा मेसेज दर दोन महिन्यांनी येतो. ग्रुपवर तो टाकणाऱ्याला काढू नका, त्याला फोन करून विचारा की अधिसूचनेचा क्रमांक काय. दोनदा विचारलं की थांबतो.

वर्गणी परत मागणाऱ्या गटाला परत द्या. खरंच द्या, पावतीसह. आम्ही दिली. त्यातले बरेच जण पीपीओ घेऊन पुन्हा आले.

शेवटी एक गोष्ट तुमच्या यादीत नक्की नसणार: विधवा सभासद. संघटनेच्या रजिस्टरमध्ये सभासद गेला की नाव काटलं जातं. ती रेघ ओढण्याआधी त्याच्या घरी एक चक्कर मारा. जेलरोडला एका मावशींकडे गेलो होतो, नवरा जाऊन चौदा महिने झालेले, पेन्शन बंद. मुलाने मृत्यूचा दाखला दिला होता, पण पीपीओवर मावशींचं नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं. कुणी सांगितलं होतं की आता काही मिळत नाही. राजपत्राची गरजही पडली नाही, लग्नाचा दाखला आणि प्रतिज्ञापत्रावर काम झालं. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून वर्षात कधीही देता येतो, नोव्हेंबरची वाट पाहायला नको, हे त्यांना त्या दिवशीच शिकवलं. तिसऱ्या प्रयत्नात त्यांचा चेहरा जुळला, कारण पहिल्या दोन वेळा त्या पदर डोक्यावरून खाली घेत नव्हत्या.

तर पुढच्या रविवारच्या सभेला भाषणं ठेवू नका. चार टेबलं लावा, प्रत्येक टेबलावर फुटपट्टी, पेन्सिल आणि एक जुना टाइमकीपर किंवा अकाउंटवाला बसवा, तुमच्यात असतीलच. सभासदांना 3-ए, पीएफ स्लिप, पीपीओ, पासबुक आणि 2023 च्या अर्जाची पावती घेऊन बोलवा. ज्यांना सापडत नाही त्यांनी येताना घरच्यांना घेऊन यावं, कागद त्यांनाच ठाऊक असतात. फुटपट्टी शेवटच्या रकान्याखाली ठेवा आणि आकडा मोठ्याने वाचा.